आपलं पुस्तक आपण विकायचं नाही

बाबा,

काका गेले. पावसाळा सरता सरता, कुरखेड्याच्या घरी, झोपेतच. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी वर्गावर होते, आणि मनात पहिलं हेच आलं की तुम्हाला कळवायला हवं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरीही. तुमच्या दोस्ताची बातमी तुमच्याआधी मला कळावी, हे काही बरोबर वाटलं नाही.

सावली गावातलं आपलं स्वयंपाकघर आठवतं. रविवारची दुपार. आई लाखोळीच्या डाळीचं वरण घोटते आहे, आणि सकाळच्या एसटीने आलेले काका भिंतीला टेकून तुमच्या कवितांची प्रुफं वाचताहेत. तुमच्या हातात त्यांच्या कथा. वनरक्षकाची नोकरी करत जंगलातल्या गावांमध्ये ऐकलेलं ते आपल्याच बोलीत लिहायचे, आणि तुम्ही मास्तर असल्यामुळे तुमची पेन्सिल त्यावर फिरायची. "मास्तर, इथी 'नाही' काऊन केलं? मायी म्हातारी नाई म्हनते." तुम्ही म्हणालात, "छापल्यावर लोक हसतील, भाऊ." काका म्हणाले, "हसू दे. वाचतील तं." तुम्ही मुकाट्याने खोडरबर मागितलं. पुण्याच्या एका प्रकाशकाने बोली कमी करा असं कळवलं होतं, तेव्हापासून दोघांनी आपापली पुस्तकं ब्रह्मपुरीच्या छापखान्यात स्वतःच काढायची ठरवलं होतं. एकाचा पगार झाला की दुसऱ्याचा कागद यायचा. कोणी कोणाला किती दिले, ते आईलाही कधी कळलं नाही.

मग ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरचा मेळा. पुस्तकांच्या मोठमोठ्या दुकानांच्या शेवटी, जमिनीवर अंथरलेली आपली चादर. त्या गर्दीत मी एकदा एका बाईंना म्हणाले होते, माझ्या बाबांचं पुस्तक घ्या, खूप छान आहे. तुम्ही मला बाजूला घेतलंत. "पोरी, आपलं आपन चांगलं म्हनू नये. काकाचं सांग. मायं तो सांगन." तुमचा आवाज चढला नव्हता, तरी मला रडू आलं. नंतर बसून पाहिलं तर खरंच तसंच चाललं होतं. तुम्ही काकांची गोष्ट सांगून लोकांना थांबवत होतात आणि काका तुमच्या कविता म्हणून दाखवत होते, अर्ध्या चुकीच्या.

तुम्ही गेलात त्या वर्षी मी मेळ्याला गेले नाही. पुढच्या वर्षी गेले, ती काका भेटतील म्हणून. चादर तिथेच होती. वर फक्त तुमची पुस्तकं, नीट मांडलेली. मी विचारलं, "काका, तुमची कुठे आहेत?"

"पिशवीत आहेत."

"अशी झाकून काऊन ठेवली?"

त्यांनी गमछ्याने तोंड पुसलं. "मायं कोन विकन आता? तुझा बाप नाई ना."

म्हणजे मागच्या वर्षीही ते एकटेच येऊन, दिवसभर तुमच्या कविता म्हणून, आपली पुस्तकं तशीच परत घेऊन गेले होते. मी चपला काढून चादरीवर बसले. त्यांची पुस्तकं बाहेर काढली. कसं बोलायचं ते सुचेना, पण बोलले. त्यानंतर दरवर्षी आम्ही दोघं.

माझ्या कथांचा पहिला खर्डाही त्यांनीच वाचला. "बाई, हे शेवटचं पान फाड. लोकायले रडवाले लिवलं तू." मी फाडलं. पुस्तक आलं तेव्हा त्यांना नीट दिसत नव्हतं, पण येणाऱ्याचा हात धरून म्हणायचे, मास्तराची पोरगी आहे, पन मास्तरापेक्षा चांगलं लिवते. तुम्हाला ऐकायला आवडलं असतं.

तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने विचारलं, ताई, या पुस्तकायचं काय करू, वाळवी लागून राह्यली. मी सगळे गठ्ठे घरी आणले. तुमच्या गठ्ठ्यांशेजारी ठेवले. आता एका खोलीत दोघांचीही पुस्तकं आहेत आणि मी दार लोटून घेते. सूरजागडच्या लोहखाणीच्या रस्त्यावरच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे, कविता करायची, एका मेळ्यात आमच्याबरोबर बसली होती. तिला फोन लावला. यंदा मेळ्याला येशील का म्हणाले. मागून ट्रकांचा आवाज येत होता. "ताई, मी लिवत नाई आता. गावातलं काईच पहिल्यासारखं नाई, कशावर लिवू? तुम्ही जा." मी तिला फार आग्रह केला नाही. काय सांगून केला असता?

हे तुम्हाला पोचणार नाही हे माहीत असूनच लिहिते आहे, म्हणून एक सांगून टाकते. मेळा पुढच्या आठवड्यात आहे. काल आईने विचारलं, डबा कितीजणांचा करू? मी म्हणाले, यंदा जाणं होणार नाही, शाळेत परीक्षेचं काम निघालंय. ती बरं म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

परीक्षा परवाच संपल्या, बाबा.