ओळख करून द्यायची कांडी

व्हिटबी
ता. ४ मार्च १९५६

चि. ईडिथ हिस अर्नोल्डचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक असं लिहायची सवय आहे, पण ठीक काही नाही. तुझ्या कारखान्यातल्या मूळव्याधीवरच्या मेणकट कांड्या तू बाबांसाठी पाठवल्यास. डबा संपला, रक्त थांबलं नाही. गेल्या रविवारी चॅपलच्या बाकावर डाग पडला, तेव्हापासून बाबा घराबाहेर पडत नाहीत.

काल गावची नर्स आली. कांड्या कशा घेता, असं तिने विचारलं. सकाळी चहाबरोबर एक आणि रात्री मार्मालेड लावून एक, असं बाबांनी सांगितलं. बरोबर वाचलंस! सहा दिवसांत बाराच्या बारा चावून खाल्ल्या. शार्कचं तेल आणि मेण! सारा जन्म हेरिंग मासे धुरावण्यात गेलेला माणूस, तो तेलाच्या वासाला काय भिणार? मी मात्र मार्मालेडची बरणी फेकून दिली.

बाबांनी डब्यातली चिठ्ठी नर्सच्या नाकासमोर धरली. तिथे छापलंय ‘इंट्रोड्यूस’. ओळख करून द्या! बाबांचं म्हणणं, औषधाची ओळख करून द्यायची ती पोटाशीच, आणखी कुणाशी? पंधरा दिवसांत फरक पडला नाही तर कापावं लागेल, असं नर्स म्हणाली. दुसऱ्या कुणाचं औषध घ्यायला बाबा तयार नाहीत. नवा डबा पाठव, आणि या चिठ्ठ्या तिथे तू लिहितेस, तर हा शब्द कुठल्या शहाण्याने घातला तेही कळव.

तुझा,
अर्नोल्ड

लीड्स
ता. ७ मार्च १९५६

ती. अर्नोल्डदादास ईडिथचा शि. सा. न. वि. वि.

तो शहाणा मीच. आधी मी ‘पुश’ लिहिलं होतं. आमचे पिलबीमसाहेब कानापर्यंत लाल झाले. असला शब्द गोठ्यात शोभतो म्हणाले. ‘इन्सर्ट’ म्हणे यंत्राला लागतो, ‘पुट इन’ पोरकट वाटतं. मग समानार्थी शब्दांचा कोश उघडला आणि त्यांचं बोट ‘इंट्रोड्यूस’वर थांबलं. ‘आत सारणं’ हाही त्याचा एक अर्थ, आणि दिवाणखान्यात चालेल असा शब्द! हे कुणाला कळणार नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मान डोलावली, कारण त्याच आठवड्यात मला खिडकीजवळचं टेबल मिळायचं होतं. ते मिळालंही. आता त्या टेबलाची शिसारी येते, आणि स्वतःचीही.

तुझं पत्र घेऊन आज साहेबांकडे गेले. बाबांनी कांड्या खाल्ल्या हे ऐकून त्यांनी नाकाला रुमाल लावला. मग पुन्हा कोश उघडून, ‘अॅडमिट’ चालेल का, असं विचारलं. दादा, किळस आली रे! कांडी कुठेही जावो, शब्द तेवढा तिथे जायला नको. मी दार सताड उघडं ठेवलं आणि साऱ्या टायपिस्ट मुलींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की माझ्या बापाने तुमची सभ्यता मार्मालेड लावून खाल्ली. आता ‘ढुंगणात ढकला’ असंच छापा. त्यांनी ते छापलं नाही. मी टेबल रिकामं करून निघाले.

सोबत डबा आहे आणि माझ्या हातची चिठ्ठी. बाबांना मोठ्याने वाचून दाखव, लाजू नकोस. तुझी माया आहे तशीच राहू दे, एवढंच मागणं.

ईडिथ

व्हिटबी
ता. १९ मार्च १९५६

चि. ईडिथ हिस अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी वाचून दाखवली. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे शेजारच्यांनीही ऐकली. रक्त थांबलंय. काल बाबा चॅपलला जाऊन आले, ताठ बसले.

तू नोकरी सोडल्याचं त्यांना आज सांगितलं. तेव्हा म्हणाले, की ही खायची वस्तू नव्हे असं तिसऱ्याच दिवशी जीभ सांगत होती. पण चिठ्ठी ईडिथने लिहिलेली, ती चुकायची नाही, म्हणून गिळत राहिलो.

घरी ये. लोभ आहेच, तो लिहून काय वाढणार.

तुझा दादा,
अर्नोल्ड