चौदा बिननावी बाळांची नोंद

प्रति,
मा. कुलसचिव,
सह्यगिरी ग्रामीण विद्यापीठ,
जि. अहमदनगर.

विषय : अकोले तालुका बालमृत्यू सर्वेक्षणाचा अहवाल मागे घेऊन प्रकल्पाची जीप आंबेदऱ्याला परत पाठविण्याबाबत.

संदर्भ : आपले पत्र जा.क्र. संशोधन/२१७, दि. २८ फेब्रुवारी १९९७.

अर्जदार : प्रज्ञा उत्तमराव भालेराव, संशोधन सहायक, जीवसांख्यिकी विभाग.

महोदय,

१. अर्जदार आपल्या विद्यापीठात सहा वर्षे नोकरीस आहे. कोणत्या गावात किती मुले जन्मली आणि किती गेली, याचे आकडे जुळविणे हे तिचे काम. या कामात ती अचूक असल्याचे तिच्या गोपनीय अहवालात दरवर्षी लिहिले जाते. ते खरे नाही, हे कळविण्यासाठी हा अर्ज आहे.

२. सन १९९५ मध्ये आंबेदरा व भोवतालच्या पाड्यांवर सर्वेक्षण झाले. प्रश्नावली अर्जदारानेच तयार केली. आकड्यांत घोळ होऊ नये म्हणून तिने चौदावा प्रश्न असा घातला : 'गेल्या पाच वर्षांत झालेल्या सर्व मुलांची नावे सांगा, जिवंत असोत वा नसोत.' नाव घेतले की मूल सुटणार नाही, ही अर्जदाराची हुशारी. विभागप्रमुखांनी त्याबद्दल तिची पाठही थोपटली. बालमृत्यूदर हजारी एकतीस निघाला. डोंगरात इतका कमी दर पाहून सर्वांना आनंद झाला, अर्जदारालाही झाला.

३. दर चांगला आहे तर जीप कशाला, असा विचार होऊन आंबेदऱ्याला बाळंतिणींसाठी उभी असणारी जीप गेल्या जूनमध्ये काढून घेण्यात आली. सध्या ती अतिथिगृहासमोर असते व पाहुण्यांना स्टँडवरून आणते.

४. सर्वेक्षणाचे कागद भरणारी गोजरबाई ही आंबेदऱ्याच्याच एका पाड्यावरची, चौथी शिकलेली. यंदा जानेवारीत तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या. घोंगडीची डोली करून चौघांनी तिला सडकेकडे नेले. वाटेत बाळ जन्मले आणि दुपारच्या आत गेले. अर्जदार भेटीस गेली असता गोजरबाईने तिला बोल लावला नाही. लावला असता तर अर्जदाराला सोपे गेले असते.

अशी आणखी किती गेली, असे विचारल्यावर ती म्हणाली, "लई गेली, बाई. पर तुमी नावं इचारली हुती. बारशाआधी गेल्यालं लेकरू, त्याला कुठलं नाव? मंग मी कागदावर काय लिवनार?"

 

५. त्यानंतर अर्जदाराने स्वतःच्या रजेत तीन पाडे पुन्हा पालथे घातले. या वेळी नाव विचारले नाही, त्याच पाच वर्षांत किती वेळा बाळंत झालीस एवढेच विचारले. राहीबाई नावाची बाई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "दोन हुती. इतक्या वर्सांत कुनी इचारलंच न्हाई." तिची भाकरी तव्यावर करपली, तरी ती बोलतच राहिली. पहिल्या सर्वेक्षणात या पाड्यांवर २६० जन्म व ८ मृत्यू होते. आता आणखी चौदा बाळे सापडली. २७४ जन्म, २२ मृत्यू. म्हणजे दर हजारी ऐंशी.

६. हे आकडे अर्जदाराने विद्यापीठाच्या संशोधन समितीला कळविले; त्यावर समितीचे उत्तर संदर्भीय पत्रात आले आहे. मृत बालकांची यादी नावांसह व जन्मदाखल्यांसह सादर करावी, अन्यथा ती ग्राह्य धरता येणार नाही, असे त्यात म्हटले आहे. महोदय, नाव नव्हते म्हणूनच ती सुटली. अर्जदाराने आता नावे कोठून आणावीत? तिने ती स्वतः ठेवावीत असा समितीचा आशय असल्यास तसे लेखी कळवावे. अर्जदाराने काही दिवस विश्रांती घ्यावी, असाही सल्ला पत्रात आहे. त्याबद्दल ती आभारी आहे, परंतु तिला झोप लागत नाही, त्यामुळे त्या सल्ल्याचा उपयोग होणार नाही.

७. आणखी एक गोष्ट कळविणे अर्जदाराला भाग आहे. क्र. ४ मधील भेटीतून निघताना गोजरबाईने चहा दिला आणि सहज विचारले, "तुमाला किती, बाई?" अर्जदार म्हणाली, "एकच. तुषार." पाडा मागे टाकून अर्धा उतार उतरल्यावर ती वाटेतच बसली. डिसेंबर १९९१ मध्ये कर्जतला, माहेरी, तिला मुलगी झाली होती. ती नऊ दिवस होती. विहारात नामकरणाचा दिवस ठरला होता, त्याच्या तीन दिवस आधी ती गेली. अर्जदाराने प्रसूती रजा अर्धवट सोडली व ती कामावर हजर झाली. विभागात कोणी काही विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. पुढे सेवापुस्तकात तिने 'अपत्ये : एक' असे लिहिले. ते तिच्याच अक्षरात आहे. पाड्यावरच्या बायका अडाणी आहेत म्हणून आकडा चुकला, असे समितीत कोणी म्हणत असल्यास हे त्यांना दाखवावे.

८. तरी विनंती की, १९९५ चा अहवाल अर्जदाराच्या चुकीमुळे रद्द झाला असे स्पष्ट लिहून तो मागे घ्यावा. तिच्यावर होईल ती कारवाई तिला मान्य आहे. जीप मात्र चौकशीसाठी थांबवू नये. आंबेदऱ्याला या महिन्यात तीन बायांचे दिवस भरत आहेत.

सोबतच्या यादीत बाळ मुलगा की मुलगी, किती दिवस जगले व आईचे नाव दिले आहे. पंधरावी ओळ अर्जदाराच्या मुलीची आहे. ती कर्जतची असल्याने सर्वेक्षणात बसत नाही. दर काढताना तिला धरू नये, आकडा चुकेल. मात्र ती ओळ कोणी खोडू नये.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,

(सही)
प्रज्ञा उत्तमराव भालेराव
दि. १४ मार्च १९९७

सोबत : यादी, पान एक.