गावाची विभक्ती

सर, आम्ही कोल्हापूर सोडून खेड्यात राहायला जायचं म्हणतोय. हसू नका. तुम्ही हसलात की चष्मा नाकाच्या शेंड्यावर यायचा, आणि तो वर सारून होईपर्यंत समोरच्याची धडगत नसायची. आता तेवढी सोय तुमच्याकडे नाही, हे गृहीत धरून लिहितोय. कारण विचाराल तर आमची अकरा वर्षांची कन्या. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत तिनं दोन चादरींचा तंबू ठोकलाय; तिथंच जेवते, तिथंच वाचते. खाली गेली तर वॉचमन ओरडतो, "ए पोरी, पार्किंगमधी खेळायचं न्हाय!" परवा तिनं विचारलं, "बाबा, झाडावर चढताना आधी हात की आधी पाय?" उत्तर मला येत होतं, दाखवायला झाड नव्हतं. माझं मुद्रितं तपासायचं काम कुठूनही होतं. बायकोचा शिवणाचा वर्ग मात्र इथला, बारा वर्षं खपून तिनं उभा केलेला. म्हणजे सोडायचं तिनं आणि निसर्गप्रेमी म्हणून मिरवायचं मी, असा मामला आहे.

जागा शोधायला लागल्यापासून तुमचं स्वयंपाकघर सारखं आठवतं. भाड्याची खोली, एक स्टो, एक पाट, फळीवर डाळींच्या डब्यांच्या रांगेत उभा शब्दकोश. तुम्ही एकटे, आणि रोज संध्याकाळी पाचला येणारा मी. गावाकडून आलेला घनसाळ तांदूळ शिजतोय, वासानं खोली भरलीय, आणि मी फरशीवर पालथा पडून संस्कृतात भाषांतर करतोय : शेतकरी गावात राहतो. नुसतं 'वसति' मला पोरकट वाटतं, म्हणून मी त्याला 'उप' जोडून सजवतो. कृषकः ग्रामे उपवसति. तुम्ही हातातल्या डावासकट वाकून वही वाचता. रागावलात की तुम्ही छापील मराठी बोलायचात आणि माया आली की आजऱ्याची. त्या दिवशी आजऱ्याची आली. "लेका पंडिता, शेतकऱ्याला गावात नेलास आन् उपाशी ठेवलास व्हय?" मग समजावलंत. नुसत्या 'वसति'ला सप्तमी चालते. 'उप' लागला की गावाला द्वितीया हवी, ग्रामम् उपवसति. गावाला कर्म करावं लागतं, तेव्हा कुठं राहणं होतं. सप्तमी तशीच ठेवली तर उरतो तो उपवास. आणि माझ्यापुढं भाताचं ताट सरकवलंत. "जेव. तुझ्या शेतकऱ्याच्या वाटचंबी जेव."

तर आम्ही तीन रविवार हिंडलो. गारगोटीजवळचं घर बायकोला पसंत पडलं, बाजार आहे, शाळा आहे. मी म्हटलं, हे तर लहान कोल्हापूरच झालं. ती म्हणाली, "मग माणसंच नसलेलं हवंय का तुम्हाला?" नेसरीकडं मला आवडलं, चहूकडं नजर जाईल तिथवर शेतं. तिनं एसटीची वेळ विचारली. एक सकाळी, एक संध्याकाळी. "म्हणजे दुपारी आजारी पडायचं नाही," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. तिसरं घर आजऱ्याच्या पलीकडं. कौलारू, मागं काजूची झाडं. आम्ही घरमालकीण आजींना नमस्कार करेपर्यंत कन्या झाडावर होती. आधी हात की आधी पाय, हे तिनं कुणालाच विचारलं नाही.

आजींनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. "पावणं, ऱ्हायला येणार का हवा खायला?"

"राहायला," मी म्हटलं.

"समदी आसंच म्हणत्यात. चार दिस हवा खात्यात, पाचव्या दिशी प्वाट दुखलं की कोल्लापूर!"

"दवाखाना कुठं आहे, आजी?" बायकोनं विचारलं.

"हाय की आजऱ्यात. दुखणं तेवढं दमानं घेणारं पायजे."

हवा खाणं म्हणजे उपवासच की, सर. या म्हातारीला तुमचं व्याकरण कुणी शिकवलं कुणास ठाऊक. येत्या रविवारपर्यंत हो-नाही कळवा म्हणाली, "न्हायतर मी घरात काजू भरून ठीवते."

परतताना रस्त्यात तुमच्या गावाची पाटी लागली. मी गाडी तशीच पुढं काढली, पण बायकोनं ती वाचली होती. घरी येऊन मी मोकळी हवा, पोरीचं बालपण वगैरे सुरू केलं, तशी ती म्हणाली, "तुमच्या सरांना गावी जाताना तुम्हीच अडवलं होतंत ना? काय कारण सांगितलं होतंत?"

"दवाखाना."

"खरं होतं ते?"

"म्हणजे काय!"

"आधी ते नीट आठवा. तेव्हा सरांच्या तब्येतीचं नाव होतं, आता पोरीचं आहे. स्वतःला काय हवंय ते तुम्ही कधी स्वतःच्या नावावर मागितलंय? मी वर्ग सोडेन. भर पावसाळ्यात दोन महिने राहून बघू, आजऱ्याच्या डॉक्टरांचा नंबरही आणलाय मी. पण खरं काय ते सांगा, मगच आजींना फोन करते."

उद्या रविवार आहे. म्हणून आठवतोय. तुम्ही निवृत्त झालात, गावी दोन खोल्या बांधून तयार, पुस्तकांचे गठ्ठे सुतळीनं आवळलेले, टेम्पो सांगितलेला. मी त्यातल्याच एका गठ्ठ्यावर बसून म्हटलं, "सर, तिथं दवाखाना नाही. काही झालं तर?" "व्हय, ते बी खरंच," म्हणालात आणि एकेक गाठ सोडवायला लागलात. कापली एकही नाही. सुतळी गुंडाळून डब्यात ठेवलीत. पुढं नऊ वर्षं त्याच खोलीत होतात. दवाखाना दहा मिनिटांवर होता. त्याची गरज एकदाही पडली नाही; शेवटी दुपारी जेवून खुर्चीत डोळा लागला तो लागलाच.

दवाखान्याचा प्रश्न नव्हता, सर. संध्याकाळी पाच वाजता मी कुठं गेलो असतो, हा होता. तुम्हालाही ते तेव्हाच कळलं असावं, त्याशिवाय इतक्या सावकाश गाठी सोडवल्या नसत्या. नऊ वर्षं तुमच्या गावाला सप्तमीत आणि तुम्हाला उपाशी ठेवलं ते मी. आणि आताही झाडावर चढायचंय ते मलाच. पोरगी तर चढून उतरलीसुद्धा.

पाकिटावर पत्ता लिहायला घेतला, तर स्वर्गाला द्वितीया की सप्तमी इथंच अडलो. त्यामुळे हे कागद त्या जुन्या वहीत, त्या उपाशी शेतकऱ्याशेजारी राहतील. बायको आत भात लावतेय. जे तुम्हाला लिहिलं ते तिला जाऊन सांगायला चार पावलं लागतात, आणि खरं सांगायचं तर ती टाळायलाच मी एवढं लांबलचक लिहीत बसलो होतो.