दर दहा मिनिटांनी

सोमवार, ३
नवी नोकरी, नवं घर, नवी वही. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीचा ताबा आज घेतला. मशिनं बावीस, पैकी चालू तेरा. मधल्या सुट्टीपर्यंत एकोणीस केली, तीही कुठल्या कॉलेजाची पायरी न चढता. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, आधीचे दोघे पदवीधर होते. पदवीने स्क्रू फिरत नाही. मग प्रत्येक वस्तूवर पांढरी पट्टी चिकटवली: 'माउस, एक नग, डावं बटण कडक.' डोकं दगा देतं, लेबल देत नाही. लेक याच शाळेत दहावीला. मला गेटातून येताना पाहून ती मैत्रिणींच्या आड झाली. वय आहे.

गुरुवार, ६
पोरांनी माझं नाव लेबलकाका ठेवलंय. शिपाईमावशींनी हसत हसत सांगितलं. चालायचंच.
बाईंनी एक काम सोपवलं. कोणीतरी मोबाइलवर निनावी खातं काढून मुलींचे फोटो टाकतं आणि त्यावर नको ते लिहितं. गेल्या वर्षी एकीने त्यापायी शाळा सोडली. मी प्रार्थनेनंतर चाळीस मिनिटं बोललो: पासवर्ड कसा ठेवावा, पुरावा का जपावा, हसणाराही करणाऱ्याइतकाच कसा दोषी. मागे एकाने जांभई दिली आणि ती रांगभर फिरली. नुसतं बोलून भागत नाही, बंदोबस्त लागतो.
संध्याकाळी लेकीच्या फोनात राखणीचं ॲप घातलं. दर दहा मिनिटांनी तिच्या फोनचा कॅमेरा एक फोटो काढतो, तो मला घरून, शाळेतून, कुठूनही दिसतो. पासवर्ड सोळा अक्षरी, मलाही पाठ होत नाही असा. तिला सांगूनच घातलं. चोरून करणाऱ्यांतला मी नाही. ती म्हणाली, "बाबा, बघत नका बसू. मला विचारा ना." बायकोनेही तिचीच री ओढली. दोघींना यातलं कळत नाही.

मंगळवार, ११
आज त्या खात्यावर माझी लेक. बेसिनशी, तोंडात ब्रश. त्यावर माझ्याच धर्तीची पांढरी पट्टी: 'दात, अठ्ठावीस नग, चार वाकडे.' खाली दोनशे सहा हसरे चेहरे. वर्गात कितीजण आहेत? बेचाळीस. बाकीचे कुठून आले?
बाईंचं म्हणणं, दोन दिवसांत विसरतील. लेक जेवली नाही. जबरदस्ती करू नये म्हणून मीही काही विचारलं नाही.

शुक्रवार, १४
आणखी तीन. घास चावताना. पुस्तकावर डोळा लागलेला असताना. तिसरा रडतानाचा: 'पाणी, एक ग्लास, खारट.'
सगळे घरातले. घरात आम्ही तिघंच. कुलूप बदललं, पडदे ओढले. भिंतींतली भोकं मेणाने बुजवली, एकूण सतरा. पाठ भरून आली. माझ्या ॲपकडे बोट दाखवायची बायकोची हिंमत झाली. सोळा अक्षरं आहेत, म्हटलं.
मावशी म्हणाल्या, गेल्या वर्षीच्या पोरीच्या बापानेही आधी पडदेच ओढले होते. पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

सोमवार, १७
तक्रार करून खातं बंद पाडलं. तासाभरात दुसरं उगवलं. त्याचं नाव 'एक नग'.
फोटोंच्या कोपऱ्यातल्या वेळा वहीत उतरवल्या. ७:१०. ८:४०. ९:२०. सगळ्यांच्या शेवटी शून्य —
धावत शाळेत गेलो. एक नंबरच्या, माझ्या बसायच्या मशिनचा कीबोर्ड उलटा केला. खाली पांढरी पट्टी. माझं सुवाच्य अक्षर. सोळा अक्षरं.
पाठ होत नव्हता. मीच चिकटवला होता.

मंगळवार, १८
पासवर्ड बदलला. ॲप काढलं नाही. आता तरी लक्ष ठेवायला हवं ना.
सकाळी तिला सगळं सांगितलं. शेवटपर्यंत ऐकून घेतलं तिने. रागावली नाही. मी आत कडी लावून बसते म्हणाली, आणि गेली. बायको कामावर. मी रजा टाकून तिच्या दाराबाहेर खुर्चीवर.
४:१०. छत.
४:२०. छत. दोन हाका मारल्या. ओ नाही.
४:३०. छत. झोपली असेल. थकली असेल, मीही थकलोय —
४:४०. छत. कान लावला. काहीच नाही.
आत काहीतरी पडलं.
४:५०. आता जमीन दिसते, आडवी. तिची चप्पल. एकच. मागे दार, आतल्या बाजूने.
फोटो मोठा केला. कडी —
लावलेलीच नाही. मी धरून चालत होतो. एकदा ढकलूनसुद्धा पाहिलं नाही. इथे बसून फोनात बघत —
फोन खाली ठेवला. वही अजून हातात का आहे, आत जायला हवं, तिला विचा