पूररेषेतला नऊ

६ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण रागावण्याआधी बातमी वाचा. तुमच्या घरामागच्या नाल्यावरचा आमच्या फर्मचा पादचारी पूल लोकोपयोगी बांधकामाच्या पुरस्कारासाठी शेवटच्या तिनांत आला आहे. गेल्या दोन वर्षांत आम्ही पाण्याच्या दोन टाक्या उभ्या केल्या, एक मंडई बांधली आणि रुग्णालयाचं चार मजली पार्किंग केलं. परीक्षकांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ज्याची आम्ही फी घेतली नाही, ज्याच्यासाठी सगळ्या ऑफिसने महिन्यातले दोन शनिवार दिले, तो चाळीस मीटरचा पूल तेवढा त्यांच्या डोळ्यांत भरला. मोठे साहेब सध्या जिन्यातून शीळ घालत फिरतात. आम्ही सगळे घाबरून आहोत.

समारंभ वीस मेला आहे. त्यासाठी स्मरणिका निघते आहे. पुलाची पहिली मोजणी दादाची, म्हणून त्याच्या मोजणीच्या वहीचं एक पान जसंच्या तसं छापतो आहोत आणि त्याच्या शेजारी तेच आकडे टाइप केलेला तक्ता. कच्ची प्रत सोबत जोडली आहे. इथले जुने लोक अजून त्याला ‘पाणसळ’च म्हणतात, गवंड्याच्या पातळी बघायच्या पट्टीवरून. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं दिसलं की सगळ्यांना त्याचीच आठवण येते.

तुम्ही त्याच्याबद्दल पानभर लिहून द्यायचं आहे. चष्म्याचा नंबर वाढेपर्यंत दुसऱ्यांची पुस्तकं वाचलीत, आता एक पान स्वतःचं लिहा. सबब चालणार नाही.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू द्या.

तुमचा,
धाकटा

११ एप्रिल

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

बातमी वाचून बरं वाटलं. हे असते तर पुरस्काराचं ऐकून ‘बरं’ एवढंच म्हणाले असते आणि दिवसभर उगाच घरातले खिळे ठोकत बसले असते.

स्मरणिकेचं पान मी तीनदा वाचलं. यांचं अक्षर किती दिवसांनी असं अचानक समोर आलं. पण भाऊजी, शेजारच्या तक्त्यात चूक आहे. पाचव्या ओळीत ‘पूररेषा ३.१२ मीटर’ असं छापलं आहे. वहीत तो एक नाही, नऊ आहे. ३.९२.

तुम्ही म्हणाल, वहिनींना काय कळतं. माझी शाळा दुसरीतच सुटली हे तुम्हाला माहीत आहे. पुढचं वाचन मी लग्नानंतर या घरात शिकले, आणि शिकले ते यांच्या वह्यांवरून, कारण घरात दुसरं पुस्तकच नव्हतं. आकडे मी यांच्याच हातचे गिरवले. त्यांचा नऊ म्हणजे एकाचा सख्खा भाऊ, फक्त मानेपाशी एक बारीक आकडी. घाईत ती आकडी अर्ध्यावर राहते. माझाही नऊ तसाच येतो. एकदा मी बहिणीला कळवलं की ९ तारखेला येते, तर ती बिचारी १ तारखेला स्टेशनवर जाऊन बसली. आठ दिवसांनी मी उतरले तेव्हा ती माझ्याशी बोलेना.

छपाईची चूक असेल तर दुरुस्त करून घ्या. पण मला झोंबतं आहे ते वेगळंच. पूल कुठल्या आकड्यावर बांधला? छापलेल्या की लिहिलेल्या? हे एवढं बघून कळवा. फोन करू नका. फोनवर तुम्ही मला हो हो म्हणता. कागदावर खोटं हो लिहिताना तुमचा हात अडतो, हे मला तुमच्या लहानपणापासून माहीत आहे.

आशीर्वाद आहेत, उत्तर तेवढं पाठवा.

वहिनी

१५ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

फर्मच्या नव्या सल्लागारबाईंचं पत्र पोचलं. साहेबांना सांगून तुमच्यासाठी टेबल मांडून ठेवू का?

थट्टा पुरे. वहिनी, या पुलाची गणितं तिघांनी तपासली, वर बाहेरच्या एका तज्ज्ञांनी सही केली. तुळयांचा तळ नाल्यातल्या पक्क्या खुणेपासून ३.७० मीटर उंच ठेवला आहे. म्हणजे पूर आला तरी वर अर्ध्या मीटरहून जास्त जागा मोकळी राहते. दादाचं अक्षर आम्ही सगळेच वर्षानुवर्षं वाचत आलो. तक्ता तेव्हा कोणी उतरवून घेतला ते आता या धांदलीत शोधत बसायला वेळ नाही. परीक्षक पुढच्या आठवड्यात पुलावर येणार आहेत.

एक विनंती, गल्लीत कोणाशी हे बोलू नका. गोष्ट तोंडातोंडी कशी वाढते तुम्हाला ठाऊक आहे. आणि पानाचं काय झालं? छापखाना मागे लागला आहे.

काळजी करू नका, म्हणजे मलाही करावी लागणार नाही.

तुमचा,
धाकटा

२२ एप्रिल

चि. भाऊजींस,
अ. उ. आ.

काळजी करू नका असं लिहून काळजी जात असती तर मी तुम्हाला पोस्टाचं एकही तिकीट लावायला लावलं नसतं.

गल्लीत बोलू नका म्हणालात. बोलले नाही, मोजलं.

नाल्याकाठच्या शिंपीणबाई तुम्हाला आठवत असतील. मोठा पूर आला तेव्हा त्यांच्या भिंतीवर पाणी जिथवर चढलं, तिथे यांनी छिन्नीने रेघ मारून तांबडा रंग भरला होता. मी गेले तर भिंतीला नवा रंग दिलेला. पण रंगाऱ्याने आळस केला होता, कपाटामागची भिंत तशीच राहिली होती. दोघींनी कपाट ओढलं. रेघ जागेवर होती, खाली यांच्या हातची तारीख.

मग गवंड्याला बोलावलं. त्याच्याकडे पारदर्शक नळी असते, पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. एक टोक मी रेघेशी धरलं, दुसरं तो ओढत पुलापर्यंत घेऊन गेला. नळीत बुडबुडा राहिला म्हणून त्याने मला दोनदा रागावलं. म्हणाला की, मोजणीवाल्या साहेबांची बायको असून एवढं कळू नये! तिसऱ्यांदा पाणी स्थिर झालं. तुळईच्या तळापासून वर एक वीत. खाली नाही भाऊजी, वर. मी स्वतः जाऊन वीत ठेवून पाहिली. घरी येऊन वीत पट्टीवर मोजली, बावीस सेंटीमीटर भरली. तुमच्या ३.७० मध्ये बावीस मिळवा.

शिंपीणबाई सांगत होत्या की त्या पुरात त्यांच्या दारावरून कोणाचा तरी अख्खा लाकडी पलंग आडवा वाहत गेला. आता तो पलंग तुळईला आडवा धडकेल. शाळा सुटताना दोनशे मुलं या पुलावर असतात. दप्तरं कठड्यावर टेकवून खाली वाकून बघतात.

माझं कशात लक्ष नाही. पुस्तक उघडते, त्याच ओळीवर परत येते.

तुमच्या उत्तराची वाट बघते आहे, सबबीची नाही.

वहिनी

२७ एप्रिल

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं बरोबर आहे. मी भिंग घेऊन मूळ पानाचा फोटो पाहिला. आकडी आहे.

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. त्यांचं म्हणणं असं की पावसाळ्याला अजून दीड महिना आहे. वीस मेचा समारंभ होऊन जाऊ दे. जूनच्या पहिल्याच आठवड्यात देखभालीचा फलक लावून पूल बंद करू, जॅक लावून मीटरभर उचलू, दोन्हीकडचे उतार वाढवू. कोणाला इजा नाही, फर्मची नाचक्की नाही. चाळीस माणसांची फर्म आहे, पुढची सरकारी कामं या नावावर मिळायची आहेत. आणि कोणी विचारलंच तर मूळ नोंद अस्पष्ट होती असं सांगायचं.

वहिनी, मी तिथेच उभा होतो. बाहेर आल्यावर सगळ्यांनी विचारलं, चेहरा का उतरला. जेवताना घास हातातच राहतो.

मूळ वही तुमच्याकडेच असू द्या. कोणाला दाखवू नका. एवढं माझ्यासाठी करा.

रागावला असाल, तरी परकं समजू नका.

तुमचा,
धाकटा

१ मे

चि. भाऊजींस,
आशीर्वाद.

काल दुपारी इथे अवकाळी पाऊस झाला. अर्धाच तास. नाला मांडीइतका चढला आणि उतरला. मी छत्री घेऊन पुलाच्या तोंडाशी उभी होते. काय करणार होते, मलाच माहीत नाही. एक बाई मला म्हणाल्या की घरी जा, भिजाल. पावसाला वीस मे कोणी कळवलेली नाही.

नोंद अस्पष्ट होती म्हणायचं आहे? म्हणा. यांच्या नावावर घाला. ते काही भांडायला येणार नाहीत. तीस वर्षं ज्या माणसाने एका रेघेसाठी उन्हात चार चार वेळा दुर्बीण लावली, त्याच्या हाताने पूल चुकला असं स्मरणिकेत छापा. मला चालेल. चालणार नाही, पण मी गिळून टाकीन. फक्त आधी पूल बंद करा. आजच्या आज.

वही रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. हे गेल्यापासून ही वही मी घराबाहेर जाऊ दिली नव्हती. तुम्ही दाखवू नका म्हणालात, म्हणून तुमच्याच हाती देते. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

पान लिहिलेलं नाही.

वहिनी

१२ मे

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

वही पोचली. तुम्ही ती जुन्या उशीच्या अभ्र्यात शिवून पाठवलीत, टाके एकेक करून उसवले.

त्याच दिवशी ती साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि परीक्षकांना स्वतःच्या सहीने पत्र लिहिलं. टपालात टाकल्यावर साहेबांना सांगितलं, आधी सांगितलं असतं तर माझा धीर सुटला असता. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच नगरपालिकेत गेले आणि पुरस्काराचा अर्ज मागे घेतला. नऊ तारखेला पूल बंद झाला, ते तुम्हाला दिसलंच असेल. जिन्यातली शीळ बंद झाली आहे. नव्या मंडईच्या कामावरून मला काढलं, पूल उचलायचं काम मात्र माझ्यावरच टाकलं. शिक्षा म्हणून दिलं की विश्वास म्हणून, ते साहेबांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

आता जे लिहायला महिना लागला ते लिहितो. तक्ता मी उतरवला होता. दादा रुग्णालयात होता तेव्हा. वही मांडीवर घेऊन त्याच्या पलंगाशेजारी बसलो होतो. पाचव्या ओळीशी मी अडलो. एक की नऊ, मला कळेना. दादा दोन हातांच्या अंतरावर होता, डोळे मिटलेले. हाक मारायला तोंड उघडलं, पण इतक्या दिवसांनी त्याला झोप लागली आहे असं वाटलं. त्याला उठवायचं मन झालं नाही. एक लिहून टाकलं, उद्या विचारीन म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्याला बोलता येत नव्हतं, आणि नंतर मी ती ओळ विसरलो. विसरलो की विसरायचं ठरवलं, ते आता मलाही सांगता येत नाही.

परीक्षकांच्या पत्रात एवढंच लिहिलं आहे की नोंद स्वच्छ होती, वाचणारा चुकला.

तुमचा म्हणवून घ्यायला संकोच वाटतो, तरी तुमचाच,
धाकटा

१७ मे

चि. भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद, पूर्ण लिहिते, आज आखूड लिहायचं नाही.

पूल बंद झाल्यापासून गल्ली माझ्यावर उखडली आहे. गवंड्याने चार ठिकाणी सांगितलं की नळी त्याची आणि डोकं माझं. आता शाळेला मोठ्या रस्त्याने वळसा पडतो, अर्धा तास. एका आईने परवा मला भाजी घेताना ऐकवलं की काहींना घरी काम नसतं. मी म्हटलं, खरं आहे, नसतं. शिंपीणबाई मात्र कपाट परत भिंतीला लावायला तयार नाहीत. येणाऱ्या प्रत्येकाला रेघ दाखवतात.

तुमचं पत्र वाचलं. हे तुम्हाला सांगू की नको, असा चार दिवस विचार केला. सांगते, कारण तुम्ही मला सांगितलंत.

ते झोपले नव्हते. औषधाने तोंड कडू व्हायचं, बोलायला नको वाटायचं, म्हणून डोळे मिटून पडायचे. तुम्ही गेल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं की धाकट्याने काही विचारलं का. मी म्हटलं, नाही, सगळं उतरवून घेतलं. तर म्हणाले, म्हणजे माझं अक्षर सुधारलं. आणि हसले. मीही हसले. त्यांचं ते शेवटचं हसणं म्हणून मी तीन वर्षं जपून ठेवलं होतं.

भाऊजी, तो नऊ वाचता येणारी जगात दोनच माणसं होती, आणि ती दोघं त्या खोलीत हसत होती. मी उठून तुमच्या कागदावर नजर टाकली असती तर? मलाही नाही सुचलं. तेव्हा हे सगळं एकट्याच्या खांद्यावर घेऊन फिरू नका. माझा वाटा मी घेतला आहे. त्यांचाही थोडा आहे, तो त्यांना राहू द्या. अक्षर खरंच वाईट होतं.

सोमवारी जॅक घेऊन येता आहात असं गवंडी म्हणाला. मागच्या खोलीत तुमची व्यवस्था केली आहे. नव्या नकाशाचे आकडे छापायच्या आधी माझ्यापुढे ठेवा. आणि कामावर कुठेही अडलात, एका आकड्याचा जरी संशय आला, तर ज्याला ठाऊक असेल त्याला विचारा. झोपलेला असला तरी उठवा.

तुमची,
वहिनी