खाडीच्या मिठातले दाणे

मस्कत, १२ मार्च १९९४

आये, तुझ्या पाया पडून हिराजी लिहितो.

मी मजेत हाय. जेवण भरपूर, खोलीत पंखा हाय. काळजी करू नको.

तू बांधून दिलेलं आपल्या मिठागराचं जाडं मीठ मी कंपनीच्या खानावळीत नेलं. तुझ्यासारखंच कढईत मीठ तापवलं, त्यात शेंगदाणे भाजले आणि चाळून घेतले. मग सोलून लसूण, मिरची, चिंचेबरोबर वाटले न् गरम पाणी घालून पातळ चटणी केली. तेवढ्यात मोठा खानसामा आला. ते काळपट मीठ बघून म्हणाला, "हा चिखल माझ्या स्वयंपाकघरात नको." सगळी चटणी मोरीत ओतली गो त्यानं!

मी बोललो, "चिखल तुझ्या डोळ्यांत हाय. माझी आय उन्हात उभी राहून हे मीठ ओढते."

तेव्हापासून त्यानं मला स्वयंपाकावरून काढलंय, भांडी घासतोय. सगळे म्हणतात, माफी माग. मागणार नाय. हातांना थोड्या चिरा पडल्यात, तुझ्या पायांना पडतात तशा. खोबरेल लावतो.

चटणी मात्र बंद केली नाय. खोलीतल्या स्टोव्हवर करतो, पोरं बरणीतून खानावळीत नेतात.

तुझे पाय कसे हायत? बाबा अजून खोकतात का?

माझ्या खोलीतला रोह्याचा मुराद सुट्टीवर येतोय. पेणच्या एस्टी स्टँडवर त्याच्याकडे आणखी मीठ दे. जास्त दे. काल घासायला खानसाम्याचं ताट आलं. कडेला आपली चटणी लागली होती, बाकी सगळी बोटानं पुसून खाल्लेली.

भांडी घासणारा, पण तुझाच,
हिराजी