बाबांच्या बुटांची लेस

मंगळवार, संध्याकाळ

घरी रोजची मदत द्यायची की नाही, ते ठरवायला आज माजी सैनिकांच्या दवाखान्यातून सिस्टर आल्या. मी नोकरीवर गेले की बाबांजवळ कोणीच नसतं. आणि बाबा? दाढी करून, काळे बूट चढवून ताठ!

"इन्स्पेक्शनले चप्पल घालून बसू काय?"

लेस मीच बांधून दिली होती. का दिली? घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि अक्कल ही!

प्रत्येक प्रश्नाला बाबांचं "एकदम फिट." मदतीचा अर्ज बुडालाच, वाटलं.

सिस्टर हसल्या. "बूट मस्त चमकून राहिले, काका. आता काढून दाखवा."

बाबा वाकले. हात लेसपर्यंत पोचेना.

"पोरीनं बांधली," हळूच म्हणाले.

सिस्टरनी खाली बसून लेस सोडली. "सोमवारपासून येते मी."

सुटले मी! त्या गेल्यावर बाबा म्हणाले, "सोमवारी चप्पलच घालतो वं."